घरातली मराठी बंद करू नकोस

अगं, आधी उत्तर ऐक, कारणं मग सांगते. तुझ्या छकुलीशी मराठीत बोलणं थांबवायचं नाही. एक दिवससुद्धा नाही. आणि तुझ्या सासऱ्यांशी, अण्णांशी बोलताना आधी मराठी की हिंदी, या विचाराने अडखळायचंही नाही. त्यांच्याशी बोलायचं, भरपूर बोलायचं.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता, म्हणून तेव्हा फार बोलले नाही. शाळेतल्या बाईंनी पालकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं की मुलगी भाषांची सरमिसळ करते, घरी एकच भाषा ठेवा. त्यात अण्णांना लकवा मारल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण जाता जाता एक सल्ला देऊन जातो. कोणी म्हणतं, त्यांच्याशी फक्त मराठी बोला. कोणी म्हणतं, बोलायला लावूच नका, डोक्याला ताण नको. आणि मग तू मला विचारलंस, "ताई, एका डोक्यात इतक्या भाषा मावतात का गं? पोरीच्या डोक्यावर उगाच भार तर पडत नाही ना?" मी इतकी वर्षं कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते आहे, पण हा प्रश्न इतक्या कळकळीने कोणी विचारला नव्हता. म्हणून आज सवडीने सांगते.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. हातात घेतला तर खरवसासारखा लिबलिबीत. शरीराच्या वजनाचा हा जेमतेम पन्नासावा भाग, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्यात चेतापेशी सुमारे 86 अब्ज. पण खरी गंमत पेशींच्या संख्येत नाही, त्यांच्यामधल्या जोडांत आहे. बाळ जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू मोठ्यांच्या मेंदूच्या पाव वजनाचा असतो आणि सहाव्या वर्षापर्यंत तो नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचतो. या काळात पेशीपेशींमध्ये जोड तयार होतात ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पुढे जे वापरात राहतात ते घट्ट होतात, जे वापरले जात नाहीत ते विरून जातात. म्हणजे तुझ्या छकुलीचं डोकं भरून जाईल ही भीती मुळातच उलटी आहे. या वयात कान जे ऐकतील त्यासाठी मेंदू जागा राखतो. जे कानावर पडणारच नाही, त्याची जागा जाते.

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. 1984 मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आपले ट आणि त हे आवाज वापरले होते, हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडचे. इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हे दोन आवाज वेगळे आहेत हे सहज ओळखत होती. दहा-बारा महिन्यांची झाल्यावर मात्र त्यांना तो फरक कळेनासा झाला, कारण घरात तो कधी कानावर पडलाच नव्हता. हिंदी घरातल्या बाळांना तो वर्षाच्या वयातही कळत होता. आता आपल्या रायपूरचा विचार कर. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, कामाला येणाऱ्या दाईची छत्तीसगढी. ळ कुठून येणार? चमच्यातला च आणि चारातला च वेगळा, हे तिला कोण ऐकवणार? इथली कितीतरी मराठी मुलं 'शाला' आणि 'काला' म्हणत मोठी होतात आणि नागपूरला लग्नकार्यात गेली की चुलत भावंडं हसतात, म्हणून मराठी बोलायचंच सोडून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. हसणाऱ्यांचं तर वाटतंच.

आणि हो, मोबाईलवर मराठी कार्टून लावून देते, असं म्हणालीस ना? तेवढ्याने भागणार नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये हेच तपासलं. नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेचे आवाज ऐकवले. काहींना समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून, काहींना त्याच माणसाच्या व्हिडिओवरून. समोरासमोर ऐकलेली बाळं ते आवाज शिकली, व्हिडिओवाली शिकली नाहीत. तुझ्या सासूबाई तिला मांडीवर घेऊन भाजी निवडताना ज्या गोष्टी सांगतात ना, ते खरं शिक्षण. त्यांना म्हणावं, अजून सांगा.

आता सरमिसळीबद्दल. बाईंना जो गोंधळ वाटला, तो नीट ऐकला तर गोंधळ नाहीच. तूच मला हसत हसत सांगितलं होतंस की छकुली आजीजवळ "मला भूक लागून राहिली" म्हणते आणि दाईजवळ गेली की "मोला भूख लागत हे". चार वर्षांच्या पोरीने समोरचा माणूस पाहून भाषा बदलली! याला किती मोठी हुशारी लागते याची कल्पना कर. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाच्या मेंदूत, तो एक भाषा बोलत असतानाही, बाकीच्या जाग्याच असतात. त्यातली कोणती आत्ता पुढे येऊ द्यायची आणि कोणती मागे थोपवायची, हे काम कपाळामागचा पुढचा खंड करतो आणि मेंदूच्या पोटातल्या काही गाठी त्याला मदत करतात. त्या गाठींना इजा झालेले रुग्ण इच्छा नसताना एका भाषेतून दुसरीत घसरत राहतात, अशा नोंदी आहेत. हा पुढचा खंड मेंदूत सगळ्यांत शेवटी पक्व होतो, पंचविशीच्या आसपास. मग चार वर्षांच्या मुलीने एका वाक्यात दोन भाषांचे शब्द घातले तर नवल ते काय? एखादा शब्द एका भाषेत लवकर सापडला नाही तर ती दुसरीतून घेते. आपण मोठे तरी काय करतो? "भाजी लावलीये, कुकरची दोन सीटी झाली की बंद कर," हे तूच म्हणतेस ना!

एक खरं आहे, ते लपवत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला कमी भरू शकतात. बाईंनी फक्त हिंदीतले शब्द मोजले तर मुलगी मागे वाटेल. सगळ्या भाषांतले मिळून मोजले तर ती बरोबरीने असते. तू नुसतं हिंदी बोलायला लागलीस तर तिची हिंदी एकदम सुधारेल असं नाही, मराठी मात्र नक्की जाईल.

रायपूरमध्ये राहून ही भीती वाटावी याचं मला जास्तच आश्चर्य वाटतं. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसं या भागात आहेत. तात्यापाऱ्यातून चालत गेलीस तर अजूनही खिडकीतून मराठी ऐकू येतं, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. आणि बूढा तालाबाजवळ ज्यांच्या नावाची शाळा आहे, ते माधवराव सप्रे कोण होते? मराठी मातृभाषेचे. 1900 मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. समर्थांचा दासबोध त्यांनी हिंदीत नेला, टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. 1926 मध्ये ते इथेच, रायपुरात वारले. गीतारहस्य हातात घेऊन बघ एकदा. तेवढा ग्रंथ एका भाषेत वाचत दुसरीत लिहायचा म्हणजे एकाच डोक्यात दोन्ही भाषा तासन् तास जाग्या ठेवायच्या आणि एकीचा पाय दुसरीत अडकू द्यायचा नाही. घरच्या मराठीने त्यांच्या हिंदीचं काही बिघडलं का? त्या घरच्या मराठीशिवाय गीतारहस्य त्यांच्या हातून हिंदीत आलंच नसतं.

दुसरं नाव आपल्या शेजारच्या राजनांदगावचं. गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. घर मराठी. भाऊ शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी आणि कादंबरीकार, आणि हे हिंदीतले एवढे मोठे कवी. एकाच घरातून दोन भाषांना दोन कवी मिळाले. मुक्तिबोधांचं नाव घेतलं की मात्र मला त्यांचा शेवट आठवतो, आणि तोही मेंदूशीच येऊन थांबतो. 1964 च्या फेब्रुवारीत त्यांना लकवा मारला. आधी भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात आणि मग दिल्लीच्या एम्समध्ये नेलं. दीर्घ बेशुद्धीनंतर 11 सप्टेंबरला ते गेले. वय अवघं 46. हयातीत त्यांचा स्वतंत्र कवितासंग्रह निघाला नाही. निदान होतं मेंदूच्या आवरणांच्या क्षयाचं. मेंदूवर तीन आवरणं असतात, सगळ्यांत आतलं अगदी घड्याघड्यांना चिकटलेलं. क्षयाचे जंतू तिथे बसले की मेंदूच्या तळाशी दाट स्राव साचतो आणि तिथून जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्यात सापडून अरुंद होतात. मग त्या भागाचं रक्त तुटतं आणि हातपाय लुळे पडतात. आज या आजारावर औषधं आहेत, सरकारी केंद्रात ती फुकट मिळतात, फक्त वेळेत ओळखायला हवा. कोणाला दोन-तीन आठवडे बारीक ताप, हटत नाही अशी डोकेदुखी, उलट्या, वागण्यात बदल असं दिसलं तर मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून दिवस काढायचे नाहीत. मेकाहारा रुग्णालयात जा, टाटीबंधला एम्समध्ये जा, पण दाखव.

अण्णांचं वेगळं आहे. त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या धमनीत गुठळी अडकली. मेंदूकडून निघालेल्या वाटा मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी, बाजू बदलतात. म्हणून इजा डावीकडे आणि हात-पाय गेला उजवा. आणि उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांची भाषा डाव्या अर्ध्यातच असते, शंभरातल्या सुमारे पंचाण्णवांची. म्हणून वाचाही गेली. याला वाचाघात म्हणतात. 1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे असा एक रुग्ण आला होता. वर्षानुवर्षं तो 'तां' एवढंच म्हणायचा, पण समोरच्याचं बोलणं त्याला कळायचं. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला तर डाव्या पुढच्या खंडात खालच्या बाजूला इजा होती. पुढे 1874 मध्ये जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार दाखवला. त्या रुग्णांचं बोलणं धो धो, पण त्याला अर्थ नाही आणि दुसऱ्याचंही कळत नाही. त्यांची इजा मागे, कानाच्या वरच्या बाजूला. आज आपल्याला माहीत आहे की भाषा दोन ठिपक्यांत मावत नाही, तिचं जाळं बरंच पसरलेलं असतं. पण अण्णांना समजून घ्यायला ब्रोकांची ही गोष्ट पुरेशी आहे. ते तू म्हणालीस तसं, "पाणी" म्हणायला धडपडतात, ओठ हलतात, शब्द येत नाही, मग डोळ्यांत पाणी येतं. याचा अर्थ त्यांना बरंचसं कळतंय. म्हणून त्यांच्याशी मोठ्याने ओरडून बोलायचं नाही, त्यांना ऐकायला येतं. लहान मुलासारखं बोबडं बोलायचं नाही. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं तर कधीच बोलायचं नाही. हे पाहुण्यांनाही सांग, अगदी दारातच सांग.

तू चकित होऊन सांगत होतीस की अण्णांच्या तोंडून साधं "हो" निघत नाही आणि सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली की ते मागोमाग म्हणायला लागतात. तो चमत्कार नाही गं, पण त्याहून सुंदर आहे. नवं वाक्य जुळवणं आणि लहानपणी पाठ झालेलं म्हणणं, या मेंदूच्या वेगळ्या वाटा आहेत. पाठ केलेलं, चालीवर म्हटलेलं, पाढे, आरत्या, वारांची नावं, हे बऱ्याचदा वाचाघातातही शाबूत राहतं. सुरात तर उजवा अर्धाही मोठा वाटा उचलतो. 1970 च्या दशकात बॉस्टनमधल्या तज्ज्ञांनी यावरूनच चालीत शब्द बसवून बोलायला शिकवण्याची पद्धत काढली. तेव्हा त्यांना आरती म्हणू दे, रोज म्हणू दे. पण त्यावर थांबू नकोस. "चहा हवा" हेसुद्धा दोन सुरांत, मांडीवर डाव्या हाताने ताल धरत म्हणून बघा. स्पीच थेरपिस्टला विचारून करा, त्या तुला हात धरून दाखवतील.

मग मराठी की हिंदी? अण्णा घरात मराठी बोलले, पण सगळी नोकरी रेल्वेत, हिंदीत. वाचाघातानंतर कुठली भाषा आधी परतेल याचा एक नियम नाही. बऱ्याच जणांच्या दोन्ही बरोबरीने सुधारतात, काहींची मातृभाषा आधी येते, काहींची रोजच्या वापरातली. लहानपणापासून शिकलेल्या भाषा मेंदूत बऱ्याच अंशी एकाच भूमीवर नांदतात. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 1997 मध्ये मेंदूची चित्रं काढून पाहिलं, तेव्हा बालपणीच दोन भाषा शिकलेल्यांचा ब्रोकांच्या भागातला ठिपका एकच होता आणि मोठेपणी शिकलेल्यांचे दोन जवळजवळचे होते. म्हणून जो शब्द ज्या भाषेत येईल तो घ्यायचा. त्यांनी "पानी" म्हटलं तर "पाणी म्हणा" असं सुधारायचं नाही. पाणी द्यायचं.

हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम मला तुला मुद्दाम सांगायचं आहे, कारण ती माणसं आपल्यासारखीच आहेत, घरात एक भाषा, बाजारात दुसरी. 2013 मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडला होता. शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक दिसला. 2016 मध्ये त्यांनी लकव्याचे 608 रुग्ण पाहिले. त्यात लकव्यानंतर ज्यांची विचारशक्ती पूर्ववत राहिली असे द्विभाषिकांत शंभरातले सुमारे चाळीस होते, एकभाषिकांत वीस. आजार होतच नाही असं याचा अर्थ नाही, आणि भाषांचा हा फायदा नेमका किती, यावर तज्ज्ञांत वाद आहेत, कारण सगळीकडच्या अभ्यासांत तो सारखा दिसलेला नाही. मला मात्र हैदराबादचं चित्र आपल्या जगण्याच्या जवळचं वाटतं. आणि कुठलाच धड अभ्यास असं म्हणत नाही की दुसरी भाषा मुलाला अपाय करते.

आता तुझ्या घराकडे बघ. एका खोलीत एक पोर शब्द गोळा करतंय, दुसऱ्या खोलीत एक म्हातारा माणूस तेच शब्द पुन्हा शोधतोय. त्यांना एकत्र बसव ना! लकव्यानंतर पहिले तीन महिने मेंदू सगळ्यांत वेगाने सावरतो. शेजारचे भाग गेलेलं काम उचलू बघतात, पण त्यासाठी सराव लागतो, रोजचा, थोडा थोडा, दिवसातून अनेकदा. तीन महिन्यांनंतरही सुधारणा थांबत नाही, हेही लक्षात ठेव. छकुलीच्या हातात चित्रांचं पुस्तक दे. ती बोट ठेवून "हे काय, आबा?" विचारेल. त्यांना वेळ लागेल. आपल्याला वाट बघणं जड जातं, लगेच शब्द पुरवतो. मुलांना त्याची घाई नसते. ती तोच प्रश्न दहादा विचारेल, आणि आत्ता अण्णांना नेमकं तेच हवं आहे. तिला ळ ऐकायला मिळेल, कमळ, केळं, बाळ. त्यांना 'केळं' म्हणता आलं त्या दिवशी मला फोन कर, रात्र झाली तरी कर.

झोपेचंही तेवढंच बघ. दिवसभरात शिकलेलं पक्कं करायचं काम झोपेत चालतं, त्यात हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूच्या आतला छोटा भाग मोठी कामगिरी करतो. दोघांनाही दुपारी थोडं आणि रात्री वेळेवर झोपू दे. रात्री दहापर्यंत चालणारा टीव्ही अण्णांच्या खोलीतून बाहेर काढ.

शाळेत बाईंना भेटशील तेव्हा भांडायला जाऊ नकोस. त्या वाईट हेतूने बोलल्या नाहीत, त्यांच्या वर्गात पन्नास मुलं असतील. शांतपणे सांग की घरी आम्ही मराठीच बोलणार, शाळेत तुम्ही हिंदी-इंग्रजी शिकवा, आणि वर्गात तिला काय अडतंय तेवढं मला कळवा. एक तपासणी मात्र माझ्या समाधानासाठी करून घे, कानांची. मूल दोन वर्षांचं होऊनही कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर भाषांना दोष न देता आधी कान तपासायचे असतात. छकुलीचं तसं काही नाही, ती तर थांबत नाही बोलायची. पण सर्दीने कानात पाणी साचतं मुलांच्या, एकदा बघितलेलं बरं.

आणि फ्रिजवर हे लिहून चिकटव, मोठ्या अक्षरांत, हिंदीतही, म्हणजे दाईच्या मुलालाही वाचता येईल: तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात वर न उचलता येणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं. यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघायचं आणि 108 लावायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, म्हणून जिथे स्कॅन आहे तिथेच थेट न्यायचं. मालिशवाल्याकडे नाही, झाडफुंकवाल्याकडे नाही. ज्याला एकदा लकवा झाला त्याला पुन्हा होण्याचा धोका असतो, म्हणून अण्णांची बीपीची गोळी बरं वाटलं तरी चुकवायची नाही. लोणच्याची बरणी त्यांच्यासमोरून उचल. नौतपाचं कडक ऊन सुरू झालं की दुपारी त्यांना गच्चीखालच्या खोलीत ठेवू नकोस, पुढच्या खोलीत आण. आणि पाणी तू आठवणीने, थोडं थोडं, बसवून पाज. तहान लागली हे त्यांना अजून सांगता येत नाही, आणि घास-घोट गिळताना ठसका लागत असेल तर ते डॉक्टरांना याच आठवड्यात सांग. मी रविवारी येतेय. चित्रांचं पुस्तक मीच आणते, तू नको घेऊ.